हरिचंदच्या घरावरची निळी फीत

आमच्या तांड्यात हरिचंद राठोडला खिशात टेस्टर नाही असं कुणी पाहिलेलं नाही. गुरुजींच्या खिशाला पेन असतो, तसा त्याच्या खिशाला टेस्टर. लग्नात टेस्टर, मयतीला टेस्टर. त्याच्या स्वतःच्या लग्नात तरी काढून ठेवला होता का, असं मी एकदा त्याच्या बायकोला, मिराबाईला विचारलं होतं. "कुठला काढतो? टोचला की!" असं म्हणून ती पदर तोंडात कोंबून हसली होती. ती हसायची तेव्हाची ही गोष्ट.

माझं घर त्याच्या घराला लागून. मधे एक बोरीचं झाड आणि मांडीएवढी दगडांची रचलेली भिंत. त्या भिंतीवर बसून मी तीस वर्षं त्याची टवाळी केली. आणि माझी एक खोड तांड्यातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे : खरं बोलायचं असलं की मी हसत बोलतो. आमच्या तांड्याचा प्रमुख देवला नायक, त्याचा पोरगा पिऊन विहिरीच्या काठावर झोपतो, हे मी होळीच्या सोंगात सांगितलं. लोक हसले. आठ दिवसांनी पोरगा विहिरीतूनच बाहेर काढला, सुदैवानं जिवंत. शाळेतल्या मास्तरची दुसरी बायको कळमनुरीला आहे, हेही मी असंच हसत बोललो आणि महिन्याभरात ती बाई दोन लेकरं घेऊन शाळेच्या दारात. तेव्हापासून तांड्यात म्हणच पडली, गुलाबचंद हसून बोलला की कान द्या. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढं त्याचं काम आहे.

पुसेगावहून पायी तासाभरावर आमचा तांडा. विजेचे खांब आले ब्याण्णव साली. ते येण्याआधीच हरिचंद हिंगोलीला एका मंडपवाल्याकडे वायर ओढायला शिकला होता. तांड्यात वीज आली त्या दिवाळीला त्यानं टॉर्चचे बावन्न बारके बल्ब आणले, लाल रंगात बुडवून दोरीवर वाळत घातले, एकापुढं एक जोडले आणि आपल्या घराच्या वळचणीला टांगले. सगळा तांडा बघायला जमला. त्या माळेत एक बल्ब गेला की बावन्न जात. मग हरिचंद शिडीवर चढून पहिल्यापासून एकेक चाचपत जायचा. तासभर, दोन तास. मी खालून म्हणायचो, "अरे, तुझ्या माळेपेक्षा आमचे भाऊबंद बरे. एक मेला तर बाकीचे जेवायला तरी बसतात." तो उत्तर द्यायचा नाही. बोलायची त्याला तकलीफच. पण बल्ब सापडायचा, आणि माळ पेटली की तो शिडीवरूनच एकदा माझ्याकडे बघायचा. तेवढंच त्याचं उत्तर.

प्रेमदास त्याचा एकुलता एक. बापाच्या उलट, बोलका, गाणारा, शिडीवर माकडासारखा सरसर चढणारा. दोन हजार सालच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. सून आली शिला. आमच्यात सून सासऱ्याशी तोंडातोंडी बोलत नाही. पदर पुढं ओढायचा आणि काही सांगायचं तर सासूकडून सांगायचं. नवी पिढी सोडून देते आता, पण हरिचंदचं घर जुन्या वळणाचं.

लग्नाला आठ महिने झाले आणि प्रेमदास एका डेकोरेशनवाल्याबरोबर गुजरातेत गेला, कच्छात. संक्रांतीनंतर तिकडं लग्नांचा हंगाम असतो. पंचवीस जानेवारीच्या रात्री त्यांच्या टोळीनं एका लग्नाची लायटिंग केली आणि पहाटे येऊन खोलीत झोपले. सव्वीसला सकाळी जमीन हलली.

हरिचंद आणि देवला नायक तिकडं गेले. एकोणीस दिवस राहिले. टोळी नऊ जणांची होती. तिघं चहाला बाहेर पडले होते म्हणून वाचले. चौघं ढिगाऱ्यातून काढले, ओळखले, जाळले. दोघं सापडलेच नाहीत. त्या दोघांतला एक प्रेमदास. हरिचंद परत आला तेव्हा त्याच्या हातात एक पक्कड होती. प्रेमदासची आहे म्हणाला. ती कुणाचीही असू शकत होती.

"किल्लारीला पाचव्या दिवशी लेकरू जितं निघालं व्हतं," एवढंच तो मिराबाईला बोलला. किल्लारीचा भूकंप आमच्याकडे सगळ्यांच्या लक्षात आहे.

आता आमची दिवाळी सांगितली पाहिजे. अमावस्येला दुपारी चुलीतले निखारे पुढं ओढायचे आणि घरातल्या मेलेल्या माणसांची नावं घेत त्यावर गूळ-तुपाचा घास टाकायचा. त्याला धबुकार म्हणतात. मग दिवे लागायच्या वेळेला बिनलग्नाच्या पोरी हातात दिवे घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरतात. आणि आमच्या तांड्याची एक जुनी रीत आहे. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरावर पुढची दिवाळी उजेड करायचा नाही. पोरी त्या दारात गाणं थांबवतात, एक दिवा उंबऱ्यावर ठेवतात आणि मुक्यानं पुढं जातात. घराचं दुःख तेव्हा सगळ्या तांड्यानं मान्य केलं असं होतं.

त्या साली आम्हाला वाटलं, हरिचंदचं घर अंधारात राहणार. पोरींनी उंबऱ्यावर ठेवायचा दिवासुद्धा वेगळा घेतला होता. आणि संध्याकाळी बघतो तर वळचणीला बावन्न लाल बल्ब. पोरी गाणं थांबवून दारात उभ्या, त्यांना कळेना थांबायचं की म्हणायचं. हरिचंद खाटेवर बसून म्हणाला, "काहून थांबल्या? म्हना की."

शिडीवर आता प्रेमदास नव्हता. दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच, म्हणून शिला उभी राहिली, पदर नाकापर्यंत ओढून. सासरा वर, सून खाली, आणि दोघांनी बोलायचं नाही! तेव्हा त्यांनी वायरीचीच भाषा केली. एक हिसका म्हणजे धर. दोन हिसके म्हणजे सोड. माळ वर जाताना पाहायला मोठी मजा यायची. जास्तीचं काही सांगायचं असलं की हरिचंद वरून ओरडायचा, "मिरा, सांग तिला, काळी वायर डाव्या हाताला." मिराबाई चुलीपाशी बसून "हूं" म्हणायची. तिला काळी-पांढरी काही कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती, शिलानं ऐकलेलं असायचं. दोन वर्षांत ती पोरगी सोल्डर मारायला शिकली. मी भिंतीवरून म्हणायचो, "हरिचंद, सून न्हाई आणली तू, वायरमन आणलास." पदराआडून हसल्याचा आवाज यायचा. हसायची बिचारी तेव्हा. एकवीस वर्षांची होती.

आता माझं सांगतो. ते न सांगता हरिचंदचं सांगणं म्हणजे फ्यूज काढून दिवा शोधण्यासारखं आहे.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात मी वसमतला हळद विकायला गेलो होतो. परत आलो तर हरिचंदच्या ओट्यावर चार-पाच जण बसलेले. हरिचंद नेहमीसारखा गप्प. दोन वर्षं तो असाच होता आणि मला ते बघवत नव्हतं. मला वाटलं, याला जरा डिवचावं. शिव्या दिल्या तर बरंच, एखादी चप्पल मारली तर त्याहून बरं. मी हसत हसत म्हणालो, "अरे हरिचंद, तुझा पोरगा दिसला बघ वसमतच्या ष्टँडवर. म्हनला, बाला सांगा, ती लाल माळ लई डोळ्यात खुपती. निळी लाव."

कुणी हसलं नाही. हरिचंद उठला. मला वाटलं, आता बसते चप्पल. तो आत गेला, तांब्याभर पाणी घेऊन आला, माझ्या हातात दिला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला.

"सदरा कोनत्या रंगाचा व्हता?"

तिथंच सांगायचं होतं. दारात शिला उभी होती, चौकट घट्ट धरून. चार माणसं बघत होती. पाणी पिऊन झालं आणि माझ्या तोंडातून निघालं, "पांढरा."

"बराबर," हरिचंद म्हणाला. "पांढराच नेला व्हता त्यानं."

दुसऱ्या दिवशी तो हिंगोलीहून निळ्या बल्बांची माळ घेऊन आला. तांदळाच्या दाण्याएवढे बल्ब, चायनाचे. आणि त्या आठवड्यापासून दर बाजाराच्या दिवशी वसमतच्या ष्टँडवर जाऊन बसायला लागला. सकाळच्या गाडीनं जायचा, संध्याकाळच्या गाडीनं यायचा. कंट्रोलरसुद्धा ओळखायला लागला. मी त्याला सांगायला चारदा गेलो आणि चारदा तंबाखू मागून परत आलो. निर्मलाबाईनं, माझ्या बायकोनं, मला एकदाच विचारलं, "खरंच दिसला व्हता का?" मी म्हणालो, "दिसल्यासारखा वाटला." ती त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

अशा दिवाळ्या गेल्या. निळे दाणे गेले, मग निळी नळीची माळ आली, बोटाएवढ्या जाड पाइपात बल्ब भरलेले. शिला खाली टोक धरून उभीच. तिच्या बरोबरीच्या पोरींची लेकरं शाळेत जायला लागली. ती कुणाची बायको होती? ष्टँडवरच्या पांढऱ्या सदऱ्याची. मी शिवलेल्या.

दोन हजार आठला कळमनुरीकडच्या एका तांड्यातून तिला मागणी आली. हिरासिंग नावाचा माणूस, बायको वारलेली, पदरात चार वर्षांची पोरगी. माणूस सरळ. शिलाच्या माहेरचे तयार. मिराबाई तयार. आणि शिला? निर्मलाबाईबरोबर धुणं धुताना ती म्हणाली, "काकी, मला त्या पोरीची वेणी घालावी वाटून राहिली. एवढंच सांगते." यापेक्षा जास्त ती काय सांगणार?

राहिला देवला नायक. त्यानं हरिचंदच्या ओट्यावर बसून सगळ्यांसमोर सांगितलं, "हरिचंद, मी तुज्यासंगं कच्छात व्हतो. मला जे दिसलं ते तुला बी दिसलं. पोरगा जिता असंल तर ही त्याची बायको, कुठं जानार न्हाई. मेला असंल तर या दिवाळीला घर अंधारात ठेव, म्हंजे ती मोकळी. एका घरात दोन गोष्टी चालनार न्हाईत. हिरासिंग दिवाळीपस्तोर थांबतो म्हनला. मग तो दुसरीकडं बघनार."

हरिचंद म्हणाला, "वसमतला दिसलाय तो."

देवलानं माझ्याकडं बघितलं. मी बोरीच्या झाडाकडं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी हरिचंद नांदेडहून एक खोकं घेऊन आला. आत चाकासारखी गुंडाळलेली पांढरी फीत, बोटाएवढी रुंद, वरून पारदर्शक रबराचा लेप, आणि आत ओळीनं मोहरीएवढे दिवे. एलईडी. आमच्या तांड्यात पहिल्यांदा. मी सवयीनं म्हणालो, "रिबीन आणली व्हय रे? कोनाच्या वेणीला?" पहिल्यांदाच तो इतकं बोलला. त्यानं बादलीत पाणी भरलं, फीत पाण्यात बुडवली आणि पेटवून दाखवली. पाण्यातून निळा उजेड. म्हणाला, "पाऊस आला तरी फिकीर न्हाई. आन ही बारा वोल्टावर चालती. ट्रॅक्टरची बॅटरी बी चालती. दिवाळीला लाईट जातीच. आता समदा तांडा काळा झाला तरी आपलं घर दिसंल. डांबरी सडकेवरून दिसंल."

बॅटरी मीच दिली. माझ्या ट्रॅक्टरची जुनी. न देऊन काय सांगणार होतो?

दोन दिवस त्यांनी ती फीत बसवली. मागचा डिंक पत्र्याला धरेना, ऊन लागलं की सुटायचा. मग हरिचंदनं सायकलच्या ट्यूबचे पट्टे कापले आणि वितावितावर वळचणीच्या लाकडाला ठोकले, फीत त्यातून ओवली. वरून आवाज, "मिरा, सांग तिला, जोड खाली तोंड करून ठेवायचा. पानी येईल तर ठिबकून जाईल." हूं. "मिरा, सांग तिला, टोकाला पंक्चरचं सोलुशन लाव, हवा बी आत जाऊ द्यायची न्हाई." हूं. पहिल्यांदा लावली तर पेटलीच नाही, वायरी उलट्या लागल्या होत्या. शिलानंच ओळखलं आणि न बोलता फिरवल्या.

फीत हातभर जास्त झाली. हरिचंद कात्री घेऊन खाली उतरला. "मिरा, तिला दाखव हे. दर तीन दिव्यांमागं कात्रीची खूण हाय. कापायचं तर खुणेवर. तिथं कापलं तर दोन्ही तुकडे जगतात, पुन्यांदा जोडता येतात. दुसरीकडं कापलं तर तेवढे दिवे मेले." मिराबाई हूं म्हणाली. शिलानं पदर जरा वर करून ती खूण पाहिली. कात्री तिच्याजवळच राहिली.

अमावस्येच्या आदल्या सकाळी मी गेलो. तोंड धुतलं नव्हतं, तंबाखू खाल्ली नव्हती. हरिचंद बॅटरीच्या टोकांचा गंज घासत होता.

"हरिचंद," मी म्हणालो, "मी खोटं बोललो व्हतो. वसमतला मला कोनी दिसलं न्हाई. थट्टा केली. तू सदरा इचारलास तवा माजी जीभ फिरली."

तो घासतच राहिला. घासता घासताच म्हणाला, "देवलानं धाडलं तुला."

"न्हाई. कोनी न्हाई धाडलं."

"गुलाब्या, तीस वर्सं तुला भिंतीवर बघून राहिलो. तू खरं बोलतोस ते हासत बोलतोस. नायकाच्या पोराचं बोललास, मास्तरचं बोललास. त्या दिशी बी हासत बोललास. आज तोंड पाडून आलास." त्यानं बॅटरीवरचा पांढरा गंज फुंकला. "पोरगी मोकळी व्हावी म्हनून आलास. मन चांगलं हाय तुजं. पन खोटं तुला जमत न्हाई."

मी शपथ घेतली. आईची घेतली. तो म्हणाला, "चहा घेशील?"

अमावस्येला दुपारी मी त्यांच्या धबुकाराला होतो. शेजारी म्हणून जावंच लागतं. निखारे ओढले. हरिचंदनं आजोबाचं नाव घेतलं, घास टाकला. बापाचं, आईचं, लहानपणी गेलेल्या भावाचं. तूप चरचरत होतं. मग त्यानं हात धुवायला तांब्या ओढला. प्रत्येक वर्षी तो इथंच थांबायचा.

मिराबाईनं ताटातून एक घास उचलला आणि निखाऱ्यावर टाकला. बायका टाकत नाहीत. हरिचंदचा हात तांब्यावरच राहिला.

"ह्यो कोनाचा?" त्यानं विचारलं. "त्याचा टाकू नको, मिरा."

"त्याचा न्हाई," मिराबाई म्हणाली. "शिलाचा."

"जित्या मानसाचं नाव घेतंय का कोनी इथं?"

"जिती हाय व्हय ती? आठ वर्सं झाली. तू दर बाजाराला ष्टँडवर बसून तिला मारून राहिला. कोनीतरी तिचा घास टाकाया पायजे ना."

शिला दारातच होती. तिनं ऐकलं. जित्या माणसाचं नाव त्या निखाऱ्यावर घेणं म्हणजे काय, ते आमच्याकडे लहान लेकरालाही कळतं. मी माझ्या आयुष्यात ते तेवढंच एकदा ऐकलं. ती आत गेली. भांडी घासल्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ, एवढी भांडी त्या घरात नव्हती.

दिवे लागायच्या वेळेला लाईट गेली, नेहमीसारखीच. तांडा काळा झाला. दारादारांत तेलाचे दिवे, बारीक. आणि हरिचंदच्या घरावर निळी फीत, वळचणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखी, जणू कुणी आभाळाची कड कापून आणून लावली. खोटं कशाला सांगू, सुंदर दिसत होती. त्या उजेडात माणसांची तोंडं मात्र प्रेतासारखी दिसत होती. हरिचंद खाटेवर बसला होता, पायाशी बॅटरी, बॅटरीपासून वर गेलेली वायर त्याच्या मांडीवरून जात होती आणि तिच्यावर त्याचा हात.

पोरी गाणं म्हणत आल्या. पुढं देवला नायक. दारात येऊन थांबला, वर बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "उजेड हाय. चला पोरींनो, म्हना तुमचं गानं."

तेवढ्यात शिला बाहेर आली. पदर कमरेला खोचलेला. तोंड उघडं, सासऱ्यासमोर, नायकासमोर, सगळ्या तांड्यासमोर. शिडी अजून भिंतीला लागून होती. ती चढली. हातात कात्री. वर जाऊन तिनं फितीची वायर धरली आणि ओढली.

दोन हिसके.

हरिचंदच्या मांडीवर वायर हलली. मी बघत होतो. दोन हिसके म्हणजे काय ते तांड्यात दोघांनाच नीट माहीत होतं, पण त्या वेळी आम्हा सगळ्यांना कळलं. त्याचा हात वायरीवर घट्ट झाला. त्यानं सोडलं नाही.

तिनं थोडं थांबून बघितलं. मग वायर फितीला जिथं जोडली होती तिथली पहिली खूण बोटानं चाचपली आणि कात्री चालवली.

घर काळं झालं.

 मग अंधारातून हरिचंदचा आवाज आला, अगदी कामाच्या वेळी यायचा तसा.

"मिरा, इचार तिला. खुणेवर कापलं का?"

मिराबाईनं हूं म्हटलं नाही. शिडीवरून शिलाच बोलली. आठ वर्षांत पहिल्यांदा, सरळ त्याला.

"व्हय, बा. खुणेवर."

पोरींनी एक दिवा उंबऱ्यावर ठेवला आणि मुक्यानं पुढं गेल्या. मिराबाई तेव्हा रडली. कच्छाहून ते परत आले तेव्हापासून रडली नव्हती. त्या एवढ्याशा दिव्यात मी हरिचंदचं तोंड शोधत होतो. तो खाली वाकून बॅटरीच्या वायरी सोडवत होता. आधी काळी, मग लाल.

पंधरा दिवसांनी हिरासिंग आला आणि शिलाला घेऊन गेला. नायकानं मान दिला, बायकांनी गाणी म्हटली. हरिचंद घरी नव्हता. बाजाराचा दिवस होता, तो वसमतला होता. शिलानं कात्री दाराच्या खिळ्याला अडकवली, मिराबाईच्या पाया पडली आणि जाताना माझ्या भिंतीपाशी थांबली. मला वाटलं, आता ही मला बोलणार, आणि बोलावंच. ती म्हणाली, "काका, बाला शिडीवर एकटं चढू देऊ नका." आणि गेली.

दोन हजार नऊची दिवाळी आली. हरिचंदनं पेटीतून फीत काढली. कापलेली दोन टोकं जवळ आणली, तांब्याचे ठिपके घासले आणि सोल्डरचा थेंब टाकला. खुणेवर कापलं होतं, म्हणून एकही दिवा मेला नव्हता. मग शिडी लावली. मिराबाई चुलीपाशी पाठ करून बसली. ती आता कशालाच हूं म्हणत नव्हती.

मी भिंतीवरून उतरलो आणि दुसरं टोक धरलं. त्यानं वरून दोन हिसके दिले. मी धरूनच उभा.

"सोड म्हनतोय, गुलाब्या. येवढं बी कळत न्हाई?"

सोडलं. एकेक पट्टा, एकेक वीत, तो पुढं सरकत गेला. म्हातारा झाला होता, शिडीवर पाय थरथरत होते. टेस्टर खिशात. मधेच तो थांबला, खाली न बघता म्हणाला :

"गुलाब्या, सदरा पांढराच व्हता ना?"

चुलीपाशी मिराबाईचा हात थांबला. ती वळली नाही. एकदा तोंड पाडून खरं सांगितलं होतं, ते त्यानं चहाबरोबर परत केलं होतं. मी वर बघितलं. त्याची पाठ, वाकलेली, आणि वायर धरलेला हात.

मी हसलो. हसत हसतच म्हणालो, "पांढराच व्हता की रे."

वरून एक हिसका आला. मी धरून उभा राहिलो.